परदेशी नकला आणि अस्सल बंदुका: दर्जा नेमका कुठे घसरतो?

कानसवाला

मंडळी, नमस्कार.

गेल्या महिन्यात भवानी पेठेतल्या एका जुन्या स्नेह्याने माझ्या टेबलावर बंदूक आणून ठेवली. चकमकीची, लांबलचक, पितळी साज आणि गडद लाकडाचा दस्ता. अमेरिका-कॅनडात हौशी लोक अठराव्या शतकातले गणवेश घालून त्या काळच्या लढाया मैदानात पुन्हा उभ्या करतात. त्यांच्यासाठी आपल्या देशात 'ब्राऊन बेस' या इंग्रजी बंदुकीच्या नकला बनतात, त्यातली ही एक. नळीला रंजकाचं, म्हणजे आतला बार पेटवणारी ठिणगी आत जाण्याचं, भोक पाडलेलंच नव्हतं, शोभेची वस्तू म्हणूनच ती बाहेर जाते. स्नेह्याची अडचण एकच होती. "गिऱ्हाईक म्हणतंय ठिणगी पडत नाही. तू बघ."

मी छत्तीस वर्षं चिंचवडला टूलरूममध्ये काढली. बंदुकीतलं मला फार कळत नव्हतं, पण पोलादातलं कळतं. दस्त्यातून कळ, म्हणजे ठिणगी पाडणारी सगळी यंत्रणा, सोडवली, घोड्याच्या जबड्यात नवी गार घट्ट बसवली आणि पंचवीस वेळा चाप ओढून पाहिला. चार वेळा ठिणगी पडली, तीसुद्धा मरतुकडी. मग गार ज्या पोलादी झाकणावर घासते त्या झाकणाच्या कडेवर नवी बारीक कानस हलकेच फिरवली. ती काचेवरून घसरावी तशी घसरायला हवी होती. ती चावली, आणि बोटाला चंदेरी कीस लागला. भाग मऊ होता. गारेने पोलादाचा बारीक कण खरवडून काढला आणि तो कण तापून पेटला की ठिणगी होते. लोखंड मऊ असेल तर गार नुसती रुतते.

त्याहून वाईट पुढे होतं. घोडा अर्धा ओढून ठेवला की तो खाचेत अडकतो आणि त्या अवस्थेत चाप दाबला तरी सुटता कामा नये. दोनदा धरला, तिसऱ्यांदा सुटला. भिंग लावून पाहिलं तर खाचेची कड गोल झालेली. भरलेल्या बंदुकीत हे झालं असतं तर?

आता गंमत बघा. व्हर्नियर लावून सगळी मापं घेतली. नळी ४२ इंच, पोकळी पाऊण इंचाच्या जवळपास, पितळी साजाची वळणं पुस्तकातल्या चित्राशी जुळणारी. ज्याने हे घडवलं त्याच्या हातात कला आहे. आकार हुबेहूब उतरला आणि उष्णोपचार, म्हणजे भट्टीत तापवून पोलाद कडक करणं, राहून गेला. आकार फोटोवरून घेता येतो, खाच किती कडक होती ते फोटोत दिसत नाही.

तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचतोय, आणि माझं मत पक्कं होत चाललंय की परदेशी नकलेचा दर्जा देशावरून ठरवणं चूक आहे. आतले भाग कोणी, कसे कडक केले आणि माल बाहेर पडण्यापूर्वी कोणी तपासला, हे दोन प्रश्न विचारायला हवेत. ज्यांनी इटालियन, स्पॅनिश, चिनी, जपानी किंवा पेशावरजवळच्या दरा गावच्या बाजारातल्या नकला हाताळल्या असतील त्यांनी लिहा. 'अमक्या देशाचा माल भंगार' एवढ्यावर थांबू नका. कुठला भाग, कसा बिघडला, ते सांगा.

एक विनंती. घरी बंदूक कशी बनवावी, यावर इथे एक अक्षरही नको. परवान्याशिवाय ते करणं गुन्हा आहे.

टिळकरोड

वाचनखूण साठवली. काका, कानशीची परीक्षा वाचून आमचे आयटीआयचे सर आठवले. पुढील लेखनाला शुभेच्छा.

पेठेबाहेर

काका, धाग्याबद्दल मनापासून आभार. मी मूळचा नारायण पेठेतला, गेली एकोणीस वर्षं ओहायोत. इथे आमचा ठासणीच्या बंदुकांचा क्लब आहे, महिन्यातले दोन रविवार काळ्या दारूच्या धुरात जातात. माझ्याकडे चार इटालियन नकला आहेत, म्हणून तेवढ्यावर खात्रीने लिहितो.

उत्तर इटलीत ब्रेशा शहराच्या वर वाल ट्रोम्पिया नावाचं खोरं आहे आणि त्यात गार्दोने हे गाव. शतकानुशतकं तिथे नळ्या बनतात. बेरेटा घराण्याने व्हेनिसच्या शस्त्रागाराला १८५ नळ्या दिल्याची १५२६ सालची नोंद आजही जपून ठेवलेली आहे. १९५० च्या दशकाच्या शेवटी वाल फोर्जेट नावाचा अमेरिकन व्यापारी कोल्टच्या १८५१ च्या 'नेव्ही' रिव्हॉल्व्हरची नक्कल करून घ्यायला तिथे पोचला. अमेरिकेत १९६१ पासून यादवी युद्धाची शताब्दी सुरू होणार होती, हौशी लोकांना चालवायला रिव्हॉल्व्हर हवी होती आणि अस्सल नग संग्राहकांच्या कपाटात जाऊन बसले होते. पेदेरसोली १९५७ ची, उबेर्ती १९५९ ची, पिएत्ता १९६० ची. आज जगभर ज्या नकला दिसतात त्यातल्या बहुतेक या एका खोऱ्यातून येतात.

सुरुवातीच्या मालाबद्दल आमच्या क्लबातले म्हातारे तेच सांगतात जे काकांनी लिहिलंय. स्क्रू इतके मऊ की दोनदा उघडले की खाच पसरते. सिलिंडर फिरवणारा बोटासारखा एक भाग असतो, त्याची पातळ स्प्रिंग मोडायची. घोड्याची खाच झिजायची. मी घेतलेलं पहिलं रिव्हॉल्व्हर १९७० च्या दशकातलं, जुन्या बाजारातून आणलेलं. पहिल्याच मोसमात त्याची स्प्रिंग गेली. नंतर घेतलेली तीन गेल्या पंधरा वर्षांतली आहेत, सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रावर, बनलेली. त्यातलं एकही आतून मऊ निघालेलं नाही.

तरी एक खोड राहिलीच, आणि ती नीट सांगतो, कारण ही चूक मापाची आहे. या जुन्या कोल्टला सिलिंडरच्या वरून जाणारी फ्रेमची पट्टी नसते. मधल्या एका जाड दांड्यावर सिलिंडर फिरतं आणि आडवी पाचर ठोकून नळी त्या दांड्याला बांधलेली असते. मूळ कोल्टमध्ये दांड्याचं टोक नळीच्या भोकात तळाला टेकायचं. त्यामुळे पाचर कितीही घट्ट मारा, नळी आणि सिलिंडर यांच्यातली फट तेवढीच. उबेर्तीच्या नगांत तो दांडा थोडा आखूड असतो, तळाला पोचत नाही. माझ्या नगात पाचर अंगठ्याने दाबली तर सिलिंडर छान फिरतं. लाकडी हातोडीचा एक ठोका दिला की नळी मागे कलते आणि सिलिंडर अडकतं. दर वेळी फट वेगळी, म्हणजे दर वेळी नेम वेगळा. शेवटी इथल्या एका कारागिराकडून भोकाच्या तळाशी पोलादाची पातळ चकती बसवून घेतली, तेव्हा प्रश्न सुटला. पिएत्ताने हे आपल्या मालात पुढे सुधारलं. काम इतकं देखणं करणारी माणसं तेवढी एक लांबी का सोडून देतात, हे मला आजवर कळलेलं नाही.

नवीन माणसाने पितळी फ्रेमच्या नकलांपासून मात्र जपावं. दुकानात सगळ्यात स्वस्त तीच असते आणि फोटोत सगळ्यात सुंदर दिसते. कोल्टने नेव्ही रिव्हॉल्व्हर पोलादी फ्रेमवरच बनवली. पितळी फ्रेम युद्धात दक्षिणेकडच्या ग्रिसवोल्डसारख्या कारखान्यांनी वापरली, कारण त्यांच्याकडे पोलादाची टंचाई होती, आणि तीही .३६ च्या लहान गोळीसाठी. आज .४४ ची पितळी नक्कल मिळते, तसलं काही इतिहासात नव्हतंच. भरपूर दारू भरून चालवत राहिलं तर दांडा पितळेत हलायला लागतो आणि फ्रेम ताणली जाते.

आणि 'अस्सल' या शब्दाबद्दल. १९७१ मध्ये खुद्द कोल्टने ही जुनी रिव्हॉल्व्हर पुन्हा बाजारात आणली तेव्हा त्यांचे कच्चे भाग उबेर्तीकडून आलेले होते. त्यावर कोल्टचं नाव आहे आणि संग्राहक त्यांना कोल्टचीच किंमत देतात.

घोरपडीकर

कानसवाले साहेब, मी लष्कराच्या ईएमईमध्ये आर्मरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा, होतो, चोवीस वर्षं. थ्री नॉट थ्रीपासून इन्सासपर्यंत सगळं हाताखालून गेलंय.

बाहेरचे लोक कोलकात्याजवळच्या इशापूर कारखान्याच्या रायफलला 'इंडियन कॉपी' म्हणतात ते मला पटत नाही. इशापूरची ली-एनफील्ड इंग्रजांच्याच ड्रॉइंगवर, त्यांच्याच गेजांवर, म्हणजे माप तपासायच्या साच्यांवर, बनली. गेज जुळला की भाग जुळतो, मग तो बर्मिंगहॅमजवळ बनलेला असो की कोलकात्याजवळ. आमच्याकडे जुन्या रायफलींना पुढच्या लाकडातून आडवा स्क्रू घातलेला असायचा, लाकूड चिरू नये म्हणून. परदेशातले संग्राहक तो स्क्रू पाहून नाक मुरडतात. मला त्यात हलका दर्जा दिसत नाही. लाकूड कुठे चिरतं हे ज्याने पाहिलं होतं, त्याने तो घातला.

१९६२ च्या चीन युद्धानंतर इशापूरने तीच रायफल ७.६२ नाटो काडतुसासाठी बनवली, ती २ए. बारा गोळ्यांचं चौकोनी मॅगझीन, लांबूनच ओळखू येतं. नव्या काडतुसाचा दाब जास्त, म्हणून पोलादही बदललं. याला नक्कल म्हणायचं की पुढचं पाऊल, तुम्हीच ठरवा.

१ए१ या सेल्फ-लोडिंग रायफलची गोष्ट वेगळी. ती बेल्जियमच्या एफएन रायफलच्या कुळातली. वेगवेगळ्या देशांचे नमुने मोजून आपली ड्रॉइंग तयार झाली आणि त्यात आपल्या पुण्यातल्या एआरडीई या शस्त्र संशोधन संस्थेचा वाटा होता. परिणाम असा की तिचे सुटे भाग ना इंग्रजांच्या इंची एल१ए१ ला पूर्ण जुळत, ना बेल्जियमच्या मेट्रिक रायफलला. चालायला मात्र दणकट. चिखलात पडली, वाळूत पडली, गॅस रेग्युलेटरची एक कडी फिरवली की पुन्हा सुरू. माझा जीव तिच्यावर होता आणि आहे.

आता खरी नक्कल सांगतो. एका नेमणुकीत जप्त झालेली हत्यारं तपासताना दऱ्याच्या बनावटीचं, रशियन तोकारेवची नक्कल असलेलं पिस्तूल माझ्या हातात आलं. दरा आदमखेल, पेशावरच्या दक्षिणेला कोहाटच्या रस्त्यावर. बाहेरून चकाचक काळं. स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, काढून उजेडात धरली तर आत कानशीचे तिरपे ओरखडे, जसे सोडले होते तसेच. फायरिंग पिनचं भोक गोल असायला हवं, ते अंडाकार. आणि स्लाइडवरच्या अक्षरांतला 'एन' उलटा कोरलेला. कोरणाऱ्याला ती लिपी वाचता येत नव्हती, तो चित्र पाहून चित्र काढत होता. मी ते पिस्तूल कुणालाही चालवू दिलं नाही.

कानसवाला

घोरपडीकर साहेब, उलट्या 'एन'ची गोष्ट वाचून अंगावर काटा आला. माझ्या टेबलावरच्या कळीत तेच झालंय, फक्त तिथे अक्षराऐवजी खाच आहे.

पेठेबाहेर

दऱ्यासारख्याच, खैबर खिंडीच्या भागातल्या नकलांचा एक नमुना मीही पाहिलाय. अफगाणिस्तानातून परतलेल्या अमेरिकन सैनिकांनी बाजारातून मार्टिनी-हेन्री या जुन्या इंग्रजी रायफली आणल्या, त्यातली एक इथल्या प्रदर्शनात टेबलावर होती. वर मुकुट, 'व्ही.आर.' अक्षरं आणि खाली १९०० च्या पुढचं साल. व्हिक्टोरिया राणी जानेवारी १९०१ मध्ये वारली. त्यानंतरच्या शिक्क्यात तिची अक्षरं येणारच नाहीत. विकणारा माणूस प्रामाणिक होता, त्याने 'भिंतीसाठी' अशी चिठ्ठी लावली होती.

शिलालेख

तुम्हा सगळ्यांचं लिखाण फार आवडलं. मी इतिहासाची विद्यार्थिनी, तंत्र कळत नाही, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहिते.

पुण्यात राहून आपण वानवडीच्या शिंदे छत्रीवरून जातो. १२ फेब्रुवारी १७९४ ला महादजी शिंदे तिथेच वारले. त्यांनी द बॉयन या युरोपी सेनानीकडून कवायती पलटणी उभारून घेतल्या, तेव्हा त्या पलटणींना बंदुका कुठून मिळाल्या? आग्र्याला सँग्स्टर नावाचा स्कॉटिश माणूस होता. तो तोफा ओतायचा आणि युरोपी नमुन्याच्या बंदुका बनवून घ्यायचा. एका बंदुकीला खर्च सुमारे दहा रुपये येई, असं त्या काळच्या वृत्तांतात आहे. त्याही विलायती बंदुकीच्या नकलाच. पण शेजारी तोफा ओतणारे, घडवणारे, तपासणारे लोक होते. पुढे २३ सप्टेंबर १८०३ ला असईच्या लढाईत शिंद्यांच्या तोफा इंग्रजांच्या हाती पडल्या, तेव्हा त्यांच्या दर्जाचं कौतुक खुद्द इंग्रज सेनापती वेलस्लीने केलं.

म्हणून मला 'नक्कल' या शब्दाचाच राग येतो. आपल्या जुन्या कागदांत 'नमुन्याबरहुकूम' असा नेमका शब्द आहे. नमुना समोर ठेवून, तो समजून केलेलं काम. अमेरिकेची पहिली सरकारी बंदूक, १७९५ ची स्प्रिंगफील्ड, फ्रेंचांच्या शार्लव्हिल बंदुकीवर बेतलेली होती. त्यांची १९०३ ची प्रसिद्ध स्प्रिंगफील्ड रायफल जर्मन माउझर कंपनीच्या रायफलच्या इतकी जवळ होती की अमेरिकन सरकारला माउझरला स्वामित्वशुल्क द्यावं लागलं, सुमारे दोन लाख डॉलर. आज त्या दोन्हींना कोणी परदेशी नक्कल म्हणत नाही.

आणि ज्या 'ब्राऊन बेस'वरून धागा सुरू झाला, तिचा सगळ्यात जास्त बनलेला प्रकार 'इंडिया पॅटर्न' म्हणून ओळखला जातो. ३९ इंची नळी. ईस्ट इंडिया कंपनीसाठी साधा आणि स्वस्त केलेला नमुना, १७९० च्या दशकात फ्रान्सशी लढताना इंग्रज सरकारनेच उचलला. खडकीला ५ नोव्हेंबर १८१७ ला जी लढाई झाली, त्या काळात कंपनीच्या शिपायाच्या खांद्यावर याच घराण्यातली बंदूक असायची.

कानसवाला

शिलालेख ताई, 'बरहुकूम' हा शब्द मी आजपासून वापरणार. टूलरूममध्ये आम्ही 'ड्रॉइंगप्रमाणे' म्हणायचो, अर्थ तोच.

तुमच्या मुद्द्याला धरून स्पेनबद्दल लिहितो, कारण ते वाचताना मला छोट्या कारखान्यांची आपली भोसरी दिसत होती. पहिल्या महायुद्धात फ्रेंचांकडे पिस्तुलं कमी पडली. एइबार भागातल्या गाबिलोंदो कंपनीचं 'रुबी' नावाचं पिस्तूल होतं, ब्राउनिंगच्या १९०३ च्या पिस्तुलावरून घेतलेलं. १९१५ मध्ये फ्रेंचांनी महिन्याला १०,००० मागितली, मग ३०,००० पर्यंत मागणी गेली. एका कारखान्याला ते शक्य नव्हतं, म्हणून काम आसपासच्या दुकानांत वाटलं. शेवटी डझनावारी कारखाने तेच पिस्तूल बनवत होते. प्रत्येकाचा गेज वेगळा, कोणाकडे तर गेजच नाही. एकाचं मॅगझीन दुसऱ्याच्या पिस्तुलात बसेना. मऊ भागांमुळे झिजलेली खाच हीही त्यांची जुनी तक्रार.

एक बारीक गोष्ट मला फार आवडली. पिस्तूल म्यानात सारताना चामड्याच्या घर्षणाने सेफ्टीचा खटका आपोआप सरकायचा, म्हणून नंतरच्या नगांवर स्लाइडच्या बाजूला एक गोल बटण बसवलं, चामडं लांब राहावं एवढ्यासाठी. कुणीतरी तक्रार ऐकली आणि उपाय केला. मूळ ब्राउनिंगच्या पिस्तुलात कसलाच दोष नव्हता. पंचवीस व्हेंडरांना एकच ड्रॉइंग दिलं आणि इन्स्पेक्शन दिलं नाही की काय होतं, हे मी स्वतः भोगलंय. आमच्या एका मोठ्या गिऱ्हाइकाचे दोन हजार बुश परत आले होते. सगळे मापात, सगळे मऊ. हार्डनिंगवाल्याने भट्टीचा वेळ वाचवला होता. तीन रात्री आम्ही घरी गेलो नाही.

कर्वेनगरचा_अभि

तरीही चिनी माल तो चिनीच. त्यावर कोणी काहीही म्हणो.

पेठेबाहेर

अभि, इथे तुझ्याशी सहमत होता येत नाही. अमेरिकेतल्या जुन्या कारागिरांना विचार. नोरिंको या चिनी कंपनीची अमेरिकन '१९११' पिस्तुलाची नक्कल इथे १९९४ पर्यंत येत होती, मग चिनी बंदुकांची आयात बंद झाली. बाहेरून रांगडी, लाकूड हलकं, पॉलिश जेमतेम. पण स्लाइड आणि फ्रेमचं पोलाद इतकं कडक की त्यावर काम करताना कटर लवकर बोथट होतात अशी कारागिरांची तक्रार. त्यातलेच काही जण मुद्दाम तीच शोधतात, कारण बाकी सगळं बदलता येतं, पोलाद बदलता येत नाही. माझ्या मित्राकडे आहे. वर्षानुवर्षं चालवतोय, खाच आजही धारदार.

दुसरं टोक जपानचं. कोची प्रांतातल्या मिरोकू कंपनीने विंचेस्टरच्या जुन्या लिव्हरवाल्या रायफली, १८८६ आणि १८९२ च्या, पुन्हा बनवल्या. विंचेस्टरचा न्यू हेवनचा जुना कारखाना २००६ मध्ये बंद झाला, आणि आज 'विंचेस्टर' लिहिलेली लिव्हर रायफल घेतली तर ती जपानची. लाकूड आणि लोखंड जिथे भेटतात त्या सांध्यावर मी नख फिरवून पाहिलंय, नख अडकत नाही. जुन्या मताच्या लोकांना त्यांनी वाढवलेली सेफ्टी आवडत नाही, ती मूळ रायफलीत नव्हती. तक्रार एवढीच, आणि ती मला मान्य आहे. पण मूळ कारखान्याच्या अखेरच्या काळातल्या मालापेक्षा हा माल सरस आहे, असं मी दोन्ही हाताळून म्हणतो.

कर्वेनगरचा_अभि

एवढं माहीत नव्हतं. सविस्तर लिहिल्याबद्दल धन्यवाद दादा.

नेमबाज_आई

थोडं वेगळं, पण विषयाला धरून. माझी मुलगी बालेवाडीला एअर रायफलचा सराव करते. सुरुवातीला घरच्या सरावासाठी आम्ही एका जुन्या जर्मन स्प्रिंग रायफलची देशी नक्कल घेतली. दिसायला तीच, वजनही तेवढंच. बनवणाऱ्याचं नाव लिहीत नाही.

तीन महिने मुलीला वाटत होतं तिचाच हात हलतोय. कार्डावर छर्रे कधी वर, कधी खाली, डावी-उजवीकडे मात्र सरकत नव्हते. रडायची. कोचसरांनी रायफल हातात घेतली, एकाच डब्यातले दहा छर्रे वेग मोजायच्या यंत्रापुढून मारले आणि आकडे कागदावर लिहून मला दाखवले. एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. पिस्टनचं सील एका बाजूने कुरतडलेलं निघालं, कारण सिलिंडरच्या आत यंत्राचे ओरखडे तसेच ठेवलेले होते. घोरपडीकर काकांनी स्लाइडच्या आत पाहिले, तसेच. मुलीचे ते तीन महिने आणि तिचा गेलेला विश्वास कोणी भरून द्यायचा? काका, तुम्ही म्हणता ते इन्स्पेक्शन एका माणसाने एकदा केलं असतं तरी पुरे होतं.

कानसवाला

ताई, वाचून फार वाईट वाटलं. मुलीला सांगा, छर्रे डावी-उजवीकडे सरकले नाहीत म्हणजे हात स्थिर होता. फक्त वरखाली होणं हे वेग बदलण्याचं लक्षण, हात हलल्याचं नाही.

नेमबाज_आई

हे तिला आत्ता वाचून दाखवलं. खूप आभार.

सासवडकर

आमच्या वाड्यात माळ्यावर आजोबांच्या वेळची ठासणीची बंदूक आहे, नळी गंजून बंद झालेली. परवाना कोणाच्या नावावर आहे ते कोणालाच माहीत नाही. ठेवता येते का? आणि पेठेबाहेर दादा येताना एखादी इटालियन नक्कल आणू शकतील का?

घोरपडीकर

सासवडकर, माळ्यावरून काढून कुणाला दाखवत फिरू नका. १९५९ च्या शस्त्र कायद्यात जुन्या नमुन्याच्या किंवा पुरातन मोलाच्या, दुरुस्त करूनही चालणार नाही अशा हत्याराला सूट आहे. पण ते चालणार नाही हे तुम्ही-आम्ही ठरवायचं नाही. पोलिसांकडे लेखी कळवा, तपासून घ्या, कागद हातात ठेवा.

इटालियन नकलेचा विचार सोडा. इटलीत बनली, काळ्या दारूवर चालते, जुन्या नमुन्याची आहे, यातल्या कशानेही सूट मिळत नाही. गोळी सुटते ना, मग ती बंदूकच. परवान्याशिवाय विमानतळावर पोचलात तर तिथूनच अडचणीला सुरुवात. साध्या नागरिकाला परदेशी बंदूक आयात करणं १९८० च्या दशकापासून जवळपास बंद आहे.

पेठेबाहेर

शंभर टक्के सहमत. मी भारतात येताना क्लबाची टोपीसुद्धा आणत नाही.

काका, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल, तपासणी कोणी केली. इटलीतून निघणाऱ्या प्रत्येक नगाला गार्दोनेच्या सरकारमान्य चाचणीगृहात नेहमीपेक्षा जास्त दाबाचा बार भरून उडवतात, मग शिक्का मारतात. नळीखाली तो शिक्का आणि चौकटीत सालाची खूण असते. इंग्लंडात लंडनला १६३७ पासून आणि बर्मिंगहॅमला १८१३ पासून हीच पद्धत. अमेरिकेत असा कायदाच नाही. त्यामुळे आपल्याकडून शोभेची म्हणून आलेली बंदूक इथला दुकानदार भोक पाडून विकतो, तेव्हा त्या नळीची परीक्षा कुठेच झालेली नसते. पेदेरसोलीच्या साधारण निम्म्या किमतीत ती मिळते. आमच्या क्लबात दोघांकडे आहेत. एकाची वर्षानुवर्षं बिनतक्रार चालते, दुसऱ्याला पहिल्याच दिवशी ठिणगी मिळाली नाही. एकाच घरातून आलेले नग, दोन तऱ्हा. तुमच्या स्नेह्याला हे जरूर सांगा.

कानसवाला

सांगितलं. आणि मंडळी, तुमच्यामुळे पुढचं कामही झालं, ते लिहितो.

ते पोलादी झाकण घेऊन मी भोसरीला माझ्या एका जुन्या सहकाऱ्याच्या हार्डनिंगच्या दुकानात गेलो. आधी कडकपणा मोजणाऱ्या त्याच्या रॉकवेल यंत्रावर लावलं, तर सी स्केलवर आकडाच मिळेना, एवढं मऊ. त्याने ते केस हार्डनिंगच्या, म्हणजे वरचा थर कडक करायच्या, लॉटबरोबर घातलं आणि नंतर सौम्य टेंपर दिला. परत लावलं तेव्हा ६१. घरी आणून कळीत बसवलं, तीच गार, तेच पंचवीस ओढे. तेवीस वेळा ठिणगी, पांढरी, थेट रंजकाच्या वाटीत. बायको स्वयंपाकघरातून बघायला आली.

अर्ध्या खाचेचा भाग मात्र मी दुरुस्त केला नाही. गोल झालेली कड घासून धारदार केली तर खाचेची जागा सरकते, आणि मग ती किती दिवस धरेल हे मी छातीठोक सांगू शकत नाही. तो भाग नवाच बनायला हवा, चांगल्या पोलादात. स्नेह्याला तसं स्पष्ट सांगितलं आणि गिऱ्हाइकाला पत्र लिहायला लावलं की नवा भाग पोचेपर्यंत ही बंदूक भिंतीवरच राहू दे. त्याला राग आला. दोन दिवस फोन केला नाही.

काल संध्याकाळी आला. पुढच्या लॉटमधल्या चाळीस कळी जोडणीआधी माझ्याकडे पाठवतो म्हणाला. सोमवारी येतायत. मी एक नवी बारीक कानस आणून ठेवली आहे आणि प्रत्येक कळीसाठी वहीत तीन रकाने आखलेत: झाकण, अर्धी खाच, पूर्ण खाच. घोरपडीकर साहेब, तुम्ही घोरपडीहून येणार असाल तर सकाळी दहाला या. अर्ध्या खाचेची परीक्षा तुमच्या अंगठ्याखाली व्हावी असं मला वाटतं.

घोरपडीकर

साडेनऊला पोचतो.